चार चाकांचा नवस

मी एक दिवा बोलतोय. देव्हाऱ्यातला नव्हे आणि रस्त्यावरचाही नव्हे. तेक्ला हुमेन्युकच्या जुन्या गाडीत, चालवणाऱ्याच्या नजरेसमोर जी काचेची पाटी असते, तिच्या कोपऱ्यात मी राहतो. रंगाने पिवळा, आकाराने तुमच्या नखाएवढा. चाकातली हवा कमी झाली की पेटायचं, एवढंच माझं काम.

माझी गोष्ट तेक्लाच्या एका नवसापासून सुरू होते. तो तिने माझ्यासमोर बोलला होता.

मार्च महिना होता. विनिपेग शहरातल्या इस्पितळाबाहेर गाडी उभी होती आणि आत तिच्या नवऱ्याची, ओरेस्टची, छाती उघडलेली होती. आत लोकांच्या गर्दीत तिला मोठ्याने प्रार्थना करता येईना, म्हणून ती गाडीत येऊन बसली. गारठा फार होता. तिने किल्ली फिरवली. किल्ली फिरली की आम्ही सगळे दिवे क्षणभर एकदम पेटतो, आपण शाबूत आहोत हे सांगायला. लाल, पिवळे, हिरवे. तेवढ्या क्षणभराच्या उजेडात तेक्लाने हात जोडले. एखाद्या मूर्तीपुढे जोडावेत तसेच.

"देवाच्या आई," ती म्हणाली, "माझ्या ओरेस्टला घरी पाठव. दर यॉर्डनच्या सणाला, ज्यांना चर्चपर्यंत येववत नाही त्यांच्या दारी मी आशीर्वादाचं पाणी नेऊन पोचवीन. हातपाय चालतायत तोवर. एक घर चुकवायची नाही मी."

मग आम्ही सगळे विझलो आणि इंजिन चालू झालं. ती बराच वेळ तशीच रडत बसली होती.

ओरेस्ट घरी आला. मरता मरता वाचलेला माणूस, पण महिन्याभरात पेरोगीच्या, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्यांच्या, बशीवर आडवा हात मारायला लागला. डॉक्टरांनी मात्र बजावून सांगितलं होतं की कडाक्याच्या थंडीत ओझं उचलायचं नाही, बर्फ उपसायचा नाही, गार वाऱ्यात ओणवं होऊन जोर लावायचा नाही. मॅनिटोबात, आमच्या झोर्या गावात, अशा माणसाने वर्षातले पाच-सहा महिने करायचं तरी काय? घरात बसायचं आणि बायकोला सूचना द्यायच्या. ओरेस्टने ते काम मन लावून केलं.

आता थोडं माझ्याबद्दल सांगतो.

मी कुठल्याशा कारखान्यात जन्मलो. तिथे कुणी मला हातात घेऊन कौतुक केलं नाही. पट्टा सरकत होता आणि माझ्यासारखे हजारो ओळीने बसत होते. पण प्रत्येकाला आपलं व्रत तिथेच मिळतं. मला मिळालं ते असं: चार चाकांपैकी एकाची जरी हवा उतरली तरी पेटायचं, आणि हवा भरली जाईपर्यंत मालवायचं नाही.

मला ते कळतं कसं, ते सांगतो. चाकाच्या आत डोकावायला मला डोळे नाहीत. चाकं किती फेऱ्या घेतात एवढंच माझ्यापर्यंत पोचतं. हवा उतरलेलं चाक किंचित बुटकं होतं, आणि बुटक्या माणसाला उंचाबरोबर चालताना जास्त पावलं टाकावी लागतात, तशी त्याला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. त्यावरून मी ओळखतो की कुणीतरी दमलंय. मात्र कुठलं चाक, ते मला सांगता येत नाही. माझ्यापाशी शब्द एकच आहे. त्या एका शब्दात मी 'खाली उतर आणि बघ' एवढंच म्हणू शकतो.

आणि स्टीअरिंगच्या खाली एक बटण असतं. चारही चाकांत नीट हवा भरली की ते दाबून धरायचं. मी तीनदा डोळे मिचकावतो आणि समजतो की आत्ता जे आहे ते बरोबर आहे, इथून पुढे हेच माप. तेवढ्यासाठीच ते बटण आहे. पण बटणाला हे कुठे कळतं की हवा भरली आहे की नाही? बोटाने दाबलं की त्याचं काम झालं.

सुरुवातीच्या वर्षांत मी पेटलो की ओरेस्ट स्वतः उतरायचा. माझा आकार त्याला घोड्याच्या नालेसारखा वाटायचा. तेक्ला म्हणायची, "नाल कसली? कढई आहे ती, आणि तिच्यात कुणीतरी डाव उभा ठेवलाय."

"तुला सगळीकडे स्वयंपाकघर दिसतं."

"जेवायच्या वेळी तुलाही दिसतंच की!"

असं बोलत तो खिशातून हवा मोजायची कांडी काढायचा आणि चारही चाकांपाशी एकेक करून गुडघे टेकायचा. चाकांपाशी काय चाललंय ते मला दिसत नाही. पण त्याच्या गुडघ्यांखाली खडी कुरकुरायची ते ऐकू यायचं आणि मला फार बरं वाटायचं. कुणीतरी माझं ऐकलं होतं.

ऑपरेशननंतर ते थांबलं. पहिल्याच थंडीत मी पेटलो. हवाही थंडीने आक्रसते, माणसासारखी. ओरेस्ट उतरायला लागला तशी तेक्लाने त्याची बाही धरली. "कुठे निघालास? डॉक्टर काय म्हणाले?"

"मग हवा कोण भरणार, तुझे संत?"

"मी भरते."

तिने भरली. पण बोटं बधीर होऊन पंपाचं तोंड तिच्या हातातून सुटत होतं आणि आत बसलेला ओरेस्ट काचेवर टकटक करून सूचना देत होता. दोघंही वैतागली.

तेवढ्यात प्रोकोप आला. प्रोकोप म्हणजे ओरेस्टचा शाळेपासूनचा मित्र. गावातल्या सहकारी दुकानाबाहेर सकाळी जी म्हातारी मंडळी कॉफी पीत बसतात, त्यांचा हा मुख्य वक्ता. त्याला माहीत नाही अशी गोष्ट अजून जगात झाली नव्हती. त्याने खिडकीतून डोकं आत घातलं, माझ्याकडे बघितलं आणि हसला.

"एवढ्यासाठी बाईमाणसाला थंडीत उभं केलंस? अरे, गारठा पडला की सगळ्यांच्याच गाडीत हा पेटतो. माझ्याकडे तर ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत नाताळची रोषणाई! खाली हात घाल. बटण लागलं? दाबून धर. तीनदा मिचकावला? झालं तर मग. देवाने बोट कशाला दिलंय?"

मी विझलो. पंपाचं तोंड तेक्लाच्या हातात तसंच होतं आणि उजव्या बाजूचं मागचं चाक अजून राहिलं होतं.

"इतकं सोपं?" ती म्हणाली.

"बाई गं, अवघड असतं तर आम्हाला जमलं असतं का?" प्रोकोप म्हणाला, आणि तिघंही हसली.

मी कुणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. त्या दिवशी हसणाऱ्या तिघांपैकी कुणाच्याही मनात पाप नव्हतं. पण त्या दिवसापासून मला खोटं माप शिकवलं जायला लागलं. दर थंडीत मी पेटायचो, कुणाचं तरी बोट खाली जायचं, मी तीनदा मिचकावायचो आणि उतरलेली हवा हीच पुरेशी हवा असं धरून चालायचो. वसंतात कधीतरी प्रोकोप चाकं बदलायला घ्यायचा, हिवाळ्याची काढून उन्हाळ्याची लावायचा, तेव्हा ओघाने हवाही भरली जायची. तेवढंच.

तेक्लाच्या घरी मेरीमातेच्या तसबिरीपुढे एक लाल काचेचा दिवा आहे. तिच्या सासूच्या वेळेपासूनचा. तो ती कधी विझू देत नाही. ओरेस्ट चिडवायचा, "घरातला दिवा फडफडला तरी तू झोपेतून उठून धावतेस, आणि हा गाडीतला बिचारा पेटला की त्याला बोटाने चिरडतेस."

"तो देवाचा आहे," तेक्ला म्हणायची, "आणि हा कंपनीचा."

मीही तेव्हा तसंच समजत होतो.

नवस मात्र तिने तंतोतंत पाळला. जानेवारीत यॉर्डनचा, प्रभूच्या बाप्तिस्म्याचा, सण यायचा. चर्चच्या अंगणात बर्फाचा मोठा क्रूस कोरलेला असायचा, पाद्री पाण्यावर आशीर्वाद म्हणायचे आणि तेक्ला बरण्या भरून मागच्या सीटवर ठेवायची. पाणी गोठू नये म्हणून त्या गोधडीत गुंडाळायची. मग आम्ही निघायचो. कुणी अंथरुणाला खिळलेलं, कुणी आंधळं झालेलं, कुणी एकटंच शेताच्या टोकाला राहिलेलं. शेवटचं घर पारास्का आजीचं. नव्वदी ओलांडलेली ती म्हातारी सकाळपासून खिडकीत बसून वाट बघायची. आजीच्या हातावर पाणी पडलं की ती ते डोळ्यांना लावायची आणि म्हणायची, "आलीस गं बाई. आता यंदाचं वर्ष ढकलते."

परतताना ओरेस्ट म्हणायचा, "तिला वाटतं तू वर्ष वाटत फिरतेस."

"तुला नाही का मिळालं?" तेक्ला विचारायची. मग तो तिच्या हातमोज्यावर हात ठेवायचा. अशी आठ वर्षं गेली.

आठव्या वर्षीच्या शरदात ओरेस्टने अंगणातलं जुनं धान्याचं कोठार पाडलं. म्हणजे पाडलं प्रोकोपने. ओरेस्ट खुर्ची टाकून बसला होता आणि कुठली फळी आधी काढायची ते ओरडून सांगत होता. त्या पसाऱ्यावरून गाडी मागे घेताना उजवीकडच्या मागच्या चाकात काहीतरी टोचलं; काय ते मला फार नंतर कळलं. कुंपणाची तार ठोकायचा दुटोकी खिळा, अर्धा झिजलेला. तो रबरात रुतला आणि तिथेच राहिला. त्याच्या कडेने हवा झिरपायला लागली, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी, कळेल न कळेल अशी.

मी पेटलो.

बटण दाबलं.

पुन्हा पेटलो. पुन्हा दाबलं. "यंदा थंडी लवकर आली," ओरेस्ट म्हणाला. गावात सगळ्यांच्याच गाड्यांत पिवळे दिवे लागले होते, त्या गर्दीत माझं ओरडणं कुणाला वेगळं ऐकू येणार?

यॉर्डनच्या दिवशी सकाळी पारा उणे पस्तिसाच्या खाली होता. इंजिन ऊबदार राहावं म्हणून रात्रभर गाडीच्या नाकात विजेची वायर खोचलेली होती, म्हणूनच ते चालू झालं. चर्चमधून बरण्या भरून निघालो. दोन-तीन घरं झाली. पारास्का आजीचं घर उरलं. वारा उठला होता आणि रस्त्यावरून बर्फाची पांढरी पूड सापासारखी सरपटत होती. गावाबाहेरच्या फाट्यावर मी पेटलो.

चालवत तेक्लाच होती. तिने गाडी कडेला घेतली.

"काय झालं?" ओरेस्टने विचारलं.

"तुझी नाल पेटलीय."

त्याने वाकून बघितलं. मग म्हणाला, "या आठवड्यात दुसऱ्यांदा. थांब, उतरून बघतो एकदा. मघाशी वळणावर गाडी मागून मऊ लागली मला."

त्याने दाराचा खटका उघडला. थंडी आत घुसली. तेक्लाने घाईने त्याच्या अंगावरून हात लांब करून दार ओढून घेतलं.

"वेडा झालायस? या वाऱ्यात? छातीला गारठा लागेल. बस खाली."

"अगं, एक मिनिट."

"एक मिनिटसुद्धा नाही. आजी खिडकीत बसली असेल. बरण्या गोठायला लागल्यात. येताना दुकानापाशी थांबू, प्रोकोपला दाखवू." आणि ती खाली वाकली. तिचं बोट बटणावर आलं.

मी तिला ओळखत होतो. त्या बोटात आळस नव्हता की बेफिकिरी नव्हती. तिने नवऱ्याला जपलं होतं. आठ वर्षं ती त्याला असंच जपत आली होती, एकेक वाऱ्याच्या झुळुकीपासून. मला त्या वेळी वाचा असती तर मी एवढंच म्हटलं असतं: बाई, त्याला एक मिनिट उतरू दे, नाहीतर पुढे फार वेळ उतरावं लागेल.

मी एकदा मिचकावलो. दोनदा. तीनदा. विझलो.

बटण दाबल्यावर नवं माप शिकायला मला वेळ लागतो. काही मैल जावे लागतात. तेवढ्या वेळात मी आंधळा असतो. चाकं मला काहीबाही सांगत असतात, पण त्याचा अर्थ लागत नाही.

माझे डोळे उघडले तेव्हा चाक जवळजवळ बसलं होतं. मी पेटलो आणि त्याच क्षणी मागून धातू घासल्याचा आवाज आला. गाडी डोलली, आडवी सरकली आणि ओढ्यापाशी जिथे रस्ता खोलगट होतो तिथे कडेच्या बर्फात टेकून उभी राहिली. फोनला तिथे कधीच संपर्क मिळत नाही. तेक्लाने तरी दोनदा फोन वर धरून बघितला.

"मी करते," ती म्हणाली. "तू आत बस. स्टेपनी लावायला मी शिकेन."

"तुला पेरोगीची तोंडं बंद करता येतात. नटांची तोंडं उघडायची आहेत." ओरेस्ट हसत होता. त्याने टोपी कानांवर ओढली. "गाडी चालू ठेवून बसलो तर बर्फाने नळी बुजून धूर आत येईल, बंद ठेवली तर गोठू. आजी आठवड्याने आपल्याला शोधून काढेल. पाच मिनिटांचं काम आहे, तेक्ला."

दोघं उतरली. इंजिन बंद होतं, पण किल्ली तिने तशीच फिरवून ठेवली होती, म्हणून मी पेटलेला होतो. आता पेटून काय उपयोग, पण मला पेटण्यावाचून दुसरं येतं काय?

मागच्या चाकापाशी काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. ऐकू येत होतं. जॅकचा करकर आवाज. तेक्ला गोधडी धरून वाऱ्याला आडवी उभी राहिली असावी, कारण गोधडीचा फडफडाट येत होता. पान्याचा लोखंडावर खण आवाज. नट हलत नव्हता. पुन्हा खण. "पाय देऊन बघतो," ओरेस्ट म्हणाला. "नको रे, नको," तेक्ला म्हणाली. पुन्हा खण. एक नट सुटला, कारण ओरेस्टने शिवी हासडली आणि तेक्लाने त्याला सणाच्या दिवशी शिवी दिल्याबद्दल दटावलं. दुसरा सुटला. मग बराच वेळ फक्त वारा.

मग पाना पडल्याचा आवाज आला. मोठा नव्हता. बर्फात पडला तो.

"ओरेस्ट?"

गाडी थोडी हलली. कुणीतरी तिला टेकून बसलं होतं.

"ओरेस्ट. उठ. अरे, आत चल. ओरेस्ट!"

मागचं दार उघडलं. तेक्लाने एक बरणी ओढून घेतली. बरणीचं झाकण काचेवर वाजत होतं. दार तिने उघडंच टाकलं. थंडी आत आली आणि कुणी ती बाहेर काढली नाही. बाहेर तिची प्रार्थना ऐकू येत होती, तीच, देवाच्या आईची, पण शब्द अर्धेच येत होते. थोड्या वेळाने तेही थांबले.

पुढे तिने प्रोकोपला सांगितलं की तीर्थ त्याच्या ओठांना लावलं तेव्हा त्याने एकदा डोळे उघडले होते. पाणी त्याच्या मिशीवर गोठलं, ते तिने आपल्या श्वासाने वितळवलं.

त्यांना शोधत प्रोकोपच आला होता. पारास्का आजीने चर्चमध्ये फोन करून भांडण काढलं होतं की पाणी अजून आलं नाही, तेक्ला चुकवणारी बाई नव्हे, बघा कुठे अडकली. तो आला तेव्हा तेक्ला चाकाला टेकून बसली होती आणि ओरेस्ट तिच्या मांडीवर होता. तिचीही दोन बोटं त्या दिवशी हिमाने गेली. उजव्या हाताची. बटण दाबणारं त्यातलंच एक.

मला शेडमध्ये आणून ठेवलं गेलं. अंत्यविधी झाला, जेवणं झाली. लोक येत-जात राहिले आणि मग यायचे थांबले. एक दिवस प्रोकोप शेडमध्ये आला, चाक काढलं आणि तो खिळा पकडीने उपसला. हातात धरून तो जुन्या पेटीवर बसून राहिला. तेक्ला दारात उभी होती.

"आपल्याच कोठाराचा आहे," तो म्हणाला. "शरदापासून असणार." त्याने खिळा मुठीत आवळला. "तेक्ला, ते बटण मी शिकवलं त्याला."

"दाबलं मी," ती म्हणाली. "तो उतरत होता. मी दार ओढलं."

प्रोकोपने चाकाला ठिगळ लावलं, हवा भरली आणि तो गेला. गावात त्या दिवसानंतर त्याने कुणाला काही शिकवलेलं माझ्या कानावर आलं नाही.

वसंतात कॅलगरीहून मुलगी आली, लारिसा. आईला घेऊन गाडीत बसली. बर्फ वितळत होता, पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं.

"आई, ही गाडी विकून टाक."

"का?"

"का म्हणून काय विचारतेस? मला हिच्यात बसवत नाही." मग तिच्या पोटातलं बाहेर आलं. "तू देवाचंच काम करत होतीस ना गं? त्याच्याच सणाला, त्याचंच पाणी घेऊन. मग तुझ्या देवाने काय केलं?"

लारिसा रागाने उतरून घरात गेली. तेक्ला एकटीच राहिली. तिने किल्ली फिरवली. आम्ही सगळे एकदम पेटलो, जसे विनिपेगला पेटलो होतो तसेच. ती आमच्याकडे बघत राहिली. मग बाकीचे विझले आणि त्या दिवसापासून बटण कुणी दाबलं नव्हतं म्हणून मी तेवढा उरलो.

ती मला निरखून बघत होती. इतक्या वर्षांत माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

"दिवा लावलाच होता देवाने," ती हळूच म्हणाली. "त्याने लावला होता. मीच विझवला."

ती खाली उतरली. मला वाटलं, घरात गेली. आणि मग ऐकू आली ती ओल्या खडीची कुरकुर, पुढच्या डाव्या चाकापाशी. तेक्ला गुडघे टेकत होती. ओरेस्टच्या कोटाच्या खिशातली कांडी तिच्यापाशी होती. उरलेल्या बोटांनी तिला ती नीट धरता येत नव्हती, दोनदा पडली. एका चाकापाशी तिने 'देवाच्या आई' म्हटलं, हवा मोजली आणि उठली. दुसऱ्यापाशी पुन्हा. तिसऱ्यापाशी ती बराच वेळ बसली, ते मागचं उजवं होतं. तिथे तिने जे म्हटलं ते प्रार्थनेतलं नव्हतं. "एक मिनिट म्हणाला होतास," असं काहीतरी होतं. चौथं झाल्यावर ती पंप घेऊन पुन्हा तसाच फेरा मारून आली. प्रदक्षिणा घालावी तशी. सगळं भरून झाल्यावर ती आत बसली आणि तिने बटण दाबलं. डाव्या हाताने.

मी तीनदा मिचकावलो. कितीतरी वर्षांनी मला खरं माप मिळालं होतं.

"ऐक," ती म्हणाली. मला म्हणाली की ओरेस्टला की मेरीमातेला, मला सांगता येणार नाही. "इथून पुढे हा पेटला की मी उतरेन. वारा असो, सण असो, घाई असो. चारही चाकांपुढे गुडघे टेकल्याशिवाय याला विझवणार नाही. हा माझा नवस."

पुढच्या यॉर्डनला बायका तिला म्हणाल्या, "तेक्ला, नवस ओरेस्टसाठी होता. आता तू सुटलीस. बस घरी."

"ज्याच्यासाठी होता त्याने मला आठ वर्षं दिली," ती म्हणाली. "फेडते अजून."

आणि बरण्या भरण्याआधी ती चर्चच्या अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीपाशी गेली. कांडी घेऊन. काही जण हसले. कुणी म्हणालं, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. ती गुडघे टेकत राहिली. मग दुसऱ्या बाजूने आणखी कुणाचे तरी गुडघे बर्फात रुतल्याचा आवाज आला. प्रोकोप होता. तो काही बोलला नाही. त्या दिवशी पारास्का आजीचं घर चुकलं नाही. आजी आता डोळ्यांनी अधू झाली आहे, पण दारात गाडीचा आवाज ओळखते.

हल्ली मी फार थकलो आहे. बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने गाडीचा तळ खाऊन टाकलाय, माझा उजेड दिवसा नीट दिसत नाही, तेक्ला हाताचा आडोसा करून बघते. या उन्हाळ्यात लारिसाने जुन्या लोखंडवाल्याशी बोलून ठेवलंय, आणि या खेपेला तेक्लाने नाही म्हटलेलं नाही. ती काल येऊन माझी काच पदराएवढ्या रुमालाने पुसून गेली. निरोपच असावा तो.

जाण्याआधी तुमच्यापाशी एक मागतो. तुमच्याही गाडीत माझा कुणी भाऊबंद बसलेला असेल. एखाद्या घाईच्या सकाळी तो पेटेल. शेजारी बसलेलं तुमचं माणूस म्हणेल, थांब, बघतो एकदा. तेव्हा त्याच्या अंगावरून हात लांब करून दार ओढू नका. तुम्हीही उतरा. चाकं चारच असतात. एकेकापुढे गुडघे टेका, ज्या देवाचं नाव तुमच्या ओठांवर असेल ते घ्या, हवा भरा, आणि मगच बटणाला हात लावा. आजच्या आज, माझ्यासमोर, तेक्लाचा हा नवस तुम्हीही बोला.